कोंबड्यांच्या उवा, तबेल्याचं औषध आणि आपण

मागच्या महिन्यात आरेतल्या आपल्या एका पाड्यावर एका दुपारी चौदा कोंबड्या मेल्या. मुंगसाने नेल्या नाहीत, बिबट्याने नेल्या नाहीत, मरीही आली नव्हती. ज्या बाईच्या त्या कोंबड्या, तिनेच आपल्या हाताने एकेक धरून बादलीत बुडवून काढल्या होत्या. कोंबड्यांच्या अंगावर उवा झाल्या होत्या. अंडी कमी झाली होती, आणि अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी तीनदा उठून बाहेर येऊन बसली होती. तबेल्यात कामाला जाणाऱ्या दिराने म्हशींच्या गोचिडाचं औषध पाण्याच्या बाटलीत आणून दिलं. बाटलीवर नाव नाही, माप नाही. बादलीत किती टाकायचं ते टोपणाने, अंदाजाने ठरलं. दुपारपर्यंत कोंबड्या माना टाकून पडल्या. संध्याकाळी त्या बाईला घाम सुटला, उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणतं होतं? ते कोणालाच सांगता येईना. दीर परत पाड्यावर धावला, तोवर बाटली नाल्यात फेकून झाली होती.

बाई वाचली. पण पाच दिवसांची मजुरी गेली, कोंबड्या गेल्या, आणि खुडूक कोंबडीखालची अंडीही गेली.

मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा आपलेच काही दादा म्हणाले की पत्रिकेत जमिनीचं लिहा, कोंबड्यांचं कशाला. आमचं म्हणणं, हा जमिनीचाच विषय आहे. आरे दूध वसाहत १९४९ साली सुरू झाली. पाडे त्याच्या आधीचे आहेत. तबेले आले, फिल्मसिटी आली, रस्ते आले, तरी घरामागे चार भाज्या आणि दहा कोंबड्या एवढं आपल्या बायांनी टिकवून ठेवलं. पोराची वही, दवाखान्याचं रिक्षाभाडं, कोर्टाच्या तारखेला जायचं तिकीट, हे कितीतरी घरांत गावठी अंड्याच्या पैशातून निघतं. वाघबारशीला वाघोबाला कोंबडा लागतो, गावदेवीला लागतो. एसआरएच्या सातव्या मजल्यावर डालगं कुठे ठेवणार? पाहणीला आलेल्या एका साहेबांनी झोपडी मोजली, आंबे मोजले, आणि खुराड्याकडे बघून विचारलं, हे कशात लिहायचं? त्यांच्या कागदात कोंबडीला रकाना नाही. आपल्या घरात आहे.

म्हणून या वेळचं संपादकीय कोंबड्यांच्या उवांवर. जुन्या बायांकडून जे ऐकलं आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून जे कळलं, ते दोन्ही एकत्र करून लिहितो आहोत.

आधी ओळख. आपण सगळ्यालाच पिसवा किंवा उवा म्हणतो, पण ही जनावरं निरनिराळी आहेत आणि राहायची जागाही निरनिराळी. तिथेच आपली फसगत होते. उवा कोंबडीच्या अंगावरच जगतात. पिसं आणि कातडीचा कोंडा खातात, आणि पिसाच्या बुडाशी, जास्त करून गुदाजवळ, पांढऱ्या लिखांचे झुपके घालतात. पिसं उलटी करून बघितली तर पिवळसर किडे पळताना दिसतात. दुसरी आहे लाल कोळीकीड, टाचणीच्या टोकाएवढी. ही दिवसा कोंबडीवर जवळजवळ नसतेच. खुराड्याच्या फटीत, बांबूच्या पोकळीत, कारवीच्या कुडाला शेण-माती सुटलेली असेल त्या भेगेत बसते. रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि परत जाते. उपाशी असली की करडी, प्यायली की लाल. त्या बाईची खुडूक कोंबडी उठून बाहेर बसत होती ती बहुतेक हिच्यामुळेच. म्हणजे किडे खुराड्यात, आणि विष घातलं कोंबडीवर.

तिसरे, कोंबडीचे गोचीड. चपटे, करडे, तेही रात्रीचेच, आणि खायला काही नसलं तरी महिनोन्महिने फटीत जिवंत राहणारे. त्यांच्या चाव्यातून कोंबड्यांना तापही येतो. चौथी पायाची खरूज. पायाची खवलं उचलतात, पांढरट चुन्यासारखा थर चढतो, कोंबडी लंगडते. हा किडा खवल्याच्या खाली घर करतो.

ओळखायचं कसं? दिवसा एक कोंबडी धरून पंखाखाली आणि गुदाजवळ पिसं फुंकून बघायची. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या दांडीखालून पांढरं फडकं फिरवायचं. फडक्यावर लाल रेघा उठल्या तर कोळीकीड आहे. टॉर्च नसेल तर वर्तमानपत्राची घडी संध्याकाळी खुराड्यात ठेवावी आणि सकाळी उघडावी. तुरा फिका पडला, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नाहीत, घरात झोपलेल्या पोरांच्या अंगावर लाल पुरळ उठतंय, ही सगळी कोळीकिडीची लक्षणं. ती माणसाला चावते, अंग खाजवतं, पण माणसाच्या अंगावर राहत नाही.

इथे आपल्या पाड्यांची एक वेगळी अडचण आहे. गावाकडे खुराडं अंगणाच्या टोकाला असतं. आपल्याकडे बिबट्या आणि मुंगसाच्या भीतीने रात्री कोंबड्या घरात, पडवीत नाहीतर चुलीजवळ डालग्याखाली. पोरं तिथून चार हातांवर झोपतात. त्यामुळे कोंबडीवर जे फवाराल ते पोरांच्या नाकात जाणार. शेताच्या किंवा म्हशीच्या औषधाचा हिशेब घरात चालत नाही.

मग काय करायचं? पहिलं औषध राख, हे कोणत्याही आजीला विचारा. कोंबडी मातीत लोळते ती खेळायला नाही, अंग साफ करायला लोळते. घराच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा जागी, हातभर खोल खड्डा करून त्यात दोन टोपल्या कोरडी बारीक माती आणि एक टोपली चाळलेली थंड राख घालायची. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने कोरडी माती मिळत नाही. उवा वाढण्याचं ते एक मोठं कारण. म्हणून मे महिन्यातच एक पोतं माती आणि एक पोतं राख भरून माळ्यावर टाकून ठेवा. राख फक्त लाकडाची. काही घरांत सेटचं किंवा बिल्डिंगच्या कामावरचं रंगवलेलं प्लाय चुलीत जातं, त्याची राख नको. त्या रंगात काय काय असतं ते आपल्याला कोणी सांगत नाही. आणि राख ओली करून कोंबडीला फासू नका, ओली राख कातडी भाजते. चोळताना कोंबडीचे डोळे आणि आपलं नाक जपा.

राखेने उवा कमी होतात, पण कोळीकीड आणि गोचीड यांना घरातून हाकलावं लागतं. त्यासाठी खुराडं रिकामं करायचं. ऊन असेल अशा दिवशी सकाळी कोंबड्या बाहेर काढा. जुनं गवत, पेंढा, पोतेरं झाडून लांब नेऊन जाळा. डालगी आणि दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता, मग दिवसभर कडक उन्हात ठेवा. बांबूची दोन्ही टोकं शेण-मातीने बुजवा, किडीची सगळ्यात मोठी वस्ती त्या पोकळीत असते. भिंतीच्या भेगा लिंपून काढा. त्यावर चुन्याचा हात द्या. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यात उडू देऊ नका. चुना पूर्ण सुकल्याशिवाय कोंबड्या आत घालू नका. दांडीला करंजाचं तेल पुसलं तर किडीला चढायला जड जातं. अंड्यांच्या टोपलीत निरगुडीचा पाला घालायची आपली रीत आहे, ती चालू ठेवा. पण नुसत्या पाल्यावर भरवसा ठेवून खुराडं साफ करायचं टाळू नका.

हे सगळं एकदा करून भागत नाही. आमच्या बऱ्याच घरांत इथेच गाडी अडते. औषध असो की उकळतं पाणी, लिखा आणि अंडी त्यातून वाचतात आणि आठवडाभरात फुटतात. म्हणून सात ते दहा दिवसांनी तेच काम परत, आणि जमलं तर तिसऱ्यांदा. पहिल्या वेळेनंतर किडे दिसेनासे झाले की आपण सोडून देतो, आणि महिन्याने म्हणतो की उपाय खोटा.

पायाच्या खरजेला विष लागतच नाही. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशने हलक्या हाताने थर काढून, खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन दाट लावायचं. तेलाने किडा गुदमरतो. दर आठवड्याला एकदा, खवलं नवी येईपर्यंत. खवलं ओरबाडून काढू नका, रक्त येतं.

बाजारातून किंवा पाहुण्याकडून आलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. सणाच्या आधी कोंबडा आणतात आणि थेट आपल्यात सोडतात, त्याच्यासोबत सगळा कुटुंबकबिला येतो.

आता काय करू नये. इथे आपल्या जुन्या उपायांबद्दलही खरं बोललं पाहिजे. जुनं ते सगळं चांगलं असं नाही. तंबाखूचं पाणी काही घरांत वापरतात. त्यातलं निकोटीन कातडीतून शरीरात शिरतं, कोंबडीच्याही आणि लावणाऱ्याच्याही. सीताफळाच्या बियांची पूड पोरींच्या डोक्याला लावतात, तीच कोंबड्यांना चोळतात. ती डोळ्यात गेली तर डोळा सुजतो, बुबुळाला जखम होते. घरातल्या अंधारात फडफडणाऱ्या कोंबडीला ही पूड चोळायची म्हणजे कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. रॉकेल अंगाला लावलं की कातडी जळते. अंड्यांच्या टोपलीत डांबरगोळ्या ठेवल्या तर अंड्याला वास लागतो आणि ती वाफ कोंबडीच्याही छातीत जाते. मुंगीचा खडू कुटून पंखाखाली भरणारेही आम्ही पाहिले. त्या खडूत कीटकनाशकच असतं, आणि ते जमिनीवर रेघ मारण्यासाठी आहे.

पांढरी वासाची गॅमेक्सिन पावडर अजून कुणाच्या माळ्यावर जुन्या डब्यात असेल. त्यातलं लिंडेन आपल्या देशात २०१३ पासून वापरायला बंदी आहे. सेविन नावाची पावडर जगभर वर्षानुवर्षं कोंबड्यांना चोळली गेली. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात ज्या कारखान्यातून वायू सुटला, तिथे हेच सेविन बनत होतं. त्यातल्या कार्बारिलवर आपल्या सरकारने बंदीचा आदेश काढला ऑगस्ट २०१८ मध्ये. मध्ये चौतीस वर्षं गेली. तेव्हा दुकानात मिळतं म्हणजे चांगलंच असणार, हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

२०१७ साल आठवा. त्या पावसाळ्यात यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. फवारणारे बरेचसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले. ना हातमोजे, ना तोंडाला काही, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली. दोष त्यांनाच दिला, काळजी घेतली नाही म्हणून. आणि त्याच वर्षी, त्याच उन्हाळा-पावसाळ्यात, तिकडे युरोपात हॉलंड आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांची लाल कोळीकीड मारायला एका कंपनीने खुराड्यांत फिप्रोनिल मिसळलेलं औषध फवारलं. ज्या जनावराचं मांस-अंडी माणूस खातो त्यावर ते तिथे चालत नाही. विष अंड्यात उतरलं. लाखो अंडी नष्ट करावी लागली, शेकडो फार्म बंद ठेवावे लागले. फिप्रोनिल आपल्याकडेही मिळतं, भाताच्या किडीला, वाळवीला, कुत्र्याच्या गोचिडाला. कुत्र्याचा स्प्रे उरलाय म्हणून कोंबडीवर मारला, असं आपल्याच एका पाड्यावर घडलं आहे. ती अंडी पोरांनी खाल्ली. आपल्या अंड्यात काय उतरलं ते तपासायला इथे कोण येणार?

इतकं करूनही किडे हटत नसतील, कोंबड्या मरायला लागल्या असतील, तर औषध लागेल. औषधाला आमचा विरोध नाही, बिनानावाच्या बाटलीला आहे. आपण शहराच्या मधोमध राहतो त्याचा एवढा तरी फायदा घेऊ. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, आणि केंद्र सरकारची कुक्कुटविकास संस्था तर आरेतच, आपल्या पाड्यांच्या शेजारी. आपल्यातल्या किती बाया त्या फाटकातून आत गेल्यात? पुढच्या महिन्यात पाच-सहा जणी मिळून जाऊ, कोंबडीपालन शिकवाल का म्हणून लेखी अर्ज देऊ, आणि अर्जाची पोच घेऊ.

डॉक्टरांना किडा दाखवा. एका डबीत चार-पाच धरून न्या, तोंडी वर्णनापेक्षा ते बरं. औषध कोंबडीसाठी चालतं का, अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी चालतं का, पाण्यात किती घालायचं, किती दिवस अंडी-मांस खायचं नाही, हे चार प्रश्न विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. तेवढ्या दिवसांची अंडी विकूही नका. आपल्या पोराला जे देणार नाही ते गिऱ्हाईकाच्या पोराला कसं देणार? आणि म्हशीचं माप कोंबडीला कधीच नाही. म्हैस चारशे-पाचशे किलोची, आपली गावठी कोंबडी दीड किलोची.

औषध लावायचं ते कोरड्या दिवशी सकाळी, उघड्यावर, वारा पाठीमागे ठेवून. ओली कोंबडी रात्री गारठून मरते. लहान पिल्लांना आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला लावायचं नाही. डोकं, डोळे, चोच वाचवायची. आधी एका कोंबडीला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचं. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, अंगभर कपडे. गरोदर बाईने आणि पोरांनी त्या कामात हात घालायचा नाही. मध्येच तंबाखू मळायची नाही, बिडी ओढायची नाही. ही सवय सगळ्यात अवघड, आमचीही. बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर लाल फुली मारा. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं आधी बाजूला काढा. दोन औषधं एकत्र करू नका.

उरलेलं पाणी नाल्यात ओतायचं नाही. गोचिडाच्या बऱ्याच औषधांत जो डेल्टामेथ्रीन-सायपरमेथ्रीनचा प्रकार असतो तो मासे आणि खेकड्यांना फार थोड्यात मारतो. आपले नाले पुढे मिठी आणि ओशिवरा नदीत जातात. खाली शहर नदीत काय सोडतं ते सगळ्यांना दिसतं, पण वरच्या नाल्यात अजून आपण पावसात चिंबोऱ्या धरतो. विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, जिथे कोंबड्या चरत नाहीत अशा कोरड्या जमिनीत खड्डा करून तिथे ओता. म्हणून औषध कालवतानाच लागेल तेवढंच कालवा.

विषबाधा झालीच तर: कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना मिळालं तर उपचार लगेच सुरू होतात.

तबेल्यात काम करणाऱ्या भावांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या हातात हे औषध रोज असतं, मोज्यांशिवाय. मालकाकडे मोजे आणि हात धुवायला साबण मागणं हा भीक मागण्याचा विषय नाही, त्यावर पुढच्या अंकात लिहू. तोपर्यंत एवढं करा, ते औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणू नका. वहिनीने कितीही मागितलं तरी.

या अंकात किड्यांची चित्रं टाकणार होतो, पण स्टेन्सिल दोनदा फाटली. ज्यांना किडे ओळखायचे आहेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी मीटिंगच्या झाडाखाली आपली कोंबडी घेऊन यावं, भिंग आणले आहे. चौदा कोंबड्या गेलेल्या त्या बाईला तीन पाड्यांनी मिळून चार तलंगा आणि एक कोंबडा द्यायचं ठरलं आहे. त्यातल्या दोन तलंगा जमल्या, बाकीचं त्याच दिवशी ठरवू. आणि घरात कुणाच्या माळ्यावर, छपरात, चुलीमागे जुनं औषध, पावडर, बिनानावाची बाटली असेल तर तीही आणा. सगळ्या एकत्र करून त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू. टोपण घट्ट लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून, मोठ्या माणसाने स्वतः आणायची. पोरांच्या हाती पाठवू नका.